बारीक गळ्याचं काडतूस

सुहासच्या घरी मला कशाचा कंटाळा आला असेल तर यंत्रांच्या बोलण्याचा. भांडी धुणारं यंत्र काम संपलं की टुंग करायचं. कपडे वाळवणारं गाणं म्हणायचं. मायक्रोवेव्हमधलं दूध वेळेवर काढलं नाही तर तो पुन्हा पुन्हा आठवण द्यायचा, आणि गॅरेजचं दार वर जाताना म्हातारं माणूस खाटेवरून उठावं तसं कण्हायचं. माणसं मात्र मुकी. सुहास आणि मीनल, म्हणजे माझा मुलगा आणि सून, सकाळी आपापल्या गाड्या काढून ऑफिसला जायचे ते अंधार पडायला यायचे, आणि जेवण झालं की पुन्हा दोघं दोन कॉम्प्युटरसमोर. खिडक्या बारा महिने बंद. नवरा गेल्यावर सुहासनं मला कोल्हापूरहून इथे अमेरिकेत, कॅरी गावाला आणलं, ते चांगल्या मनानंच आणलं. पण आणून करायचं काय, हे त्यानंही ठरवलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी दिवसभर बसून थकायचे. काम करून थकणं मला माहीत होतं, बसून थकणं मी इथे शिकले.

ही वही नातीनं, जी तेव्हा जन्मलीही नव्हती, आता आणून दिली ती माझं लहानपण लिहायला. मागच्या पानांवर ते लिहून झालंय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं वडिलांचं लेथचं दुकान, चौथीनंतर सुटलेली शाळा. भाऊ धाकटा होता आणि दुकानात माणूस हवा होता, म्हणून सुटली. त्यात रडण्यासारखं काही नाही. या पानांत मात्र मी साठीचं लिहिणार आहे, कारण वडिलांनी अकराव्या वर्षी शिकवलेली एक गोष्ट मला साठीला पुरती कळली. तोवर मी मोठी झाले असं म्हणण्यात अर्थ नाही.

गोष्ट साधी होती. दोन भाग एकमेकांत बसवायच्या आधी पुसायचे. डोळ्यांना स्वच्छ दिसले तरी पुसायचे. वडील म्हणायचे, "बोट पोचेल तिथं बोट, नाही तिथं काडीला चिंधी." एकदा पंपाच्या बेअरिंगच्या जागेत मी लोखंडाचा चुरा राहू दिला. पंप आठ दिवसांत परत आला. वडिलांनी गिऱ्हाइकासमोर काही म्हटलं नाही. तो गेल्यावर लोखंडी फूटपट्टी माझ्या बोटांवर मारली आणि म्हणाले, "ह्या बोटांनी पुसायचं होतं." मग चहा मागवला, त्यातला अर्धा मला दिला.

अर्लची ओळख भाकरीमुळे झाली. इथल्या शेगडीला ज्योत नसते, लाल तार तापते. तिच्यावर भाकरी फुगवायला गेले की पीठ जळायचं आणि छताला लावलेला धुराचा भोंगा किंचाळायला लागायचा. एका दुपारी तो काही केल्या थांबेना. मी टॉवेल हलवून हलवून दमले आणि दार उघडून बाहेर उभी राहिले. शेजारचा म्हातारा आला, तोच हा अर्ल. उंच, वाळलेला, उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हातानं त्यानं माझ्याच झाडूच्या दांड्यानं भोंग्याचं बटण दाबलं, ओट्यावरची भाकरी बघितली आणि तुकडा मोडून तोंडात टाकला. "मीठ कमी आहे, मॅम," म्हणाला. भाकरीत मीठ नसतंच, हे सांगायला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला लसणाची चटणी द्यायला गेले. त्याच्या गॅरेजचं दार उघडं होतं. दारात पाऊल टाकलं आणि वास आला. कटिंग ऑइल, लोखंड, रॉकेलमध्ये भिजलेल्या चिंध्या. मी तिथेच उभी राहिले. आठवणीबिठवणीनं भरून आलं असं काही नाही, फक्त पहिल्यांदा असं वाटलं की या देशात मला बसायला नाही, उभं राहायला जागा आहे. बेंचवर काम घट्ट पकडायची वाइस होती, वाइसमध्ये बंदूक होती, आणि अर्ल डाव्या हातानं मोठा पाना ओढत तिला शिव्या घालत होता.

अर्लनं आयुष्यभर सिगारेटच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त केली होती. बायको मेलेली, मूलबाळ नाही. माझं इंग्रजी म्हणजे लेथपुरतं: थ्रेड, चक, नट, गेज, टाइट, लूज. तेवढ्यात आमचं भागायचं. बाकीचं तो हातवाऱ्यांनी सांगायचा, आणि जे कळलं नाही ते मी सोडून द्यायचे. मला तो मिस शालन म्हणायचा. साठीच्या विधवेला मिस का म्हणतो म्हणून मी आधी चमकले. मग कळलं, त्यांच्याकडे बाईला मान द्यायची तीच रीत आहे.

त्याची अडचण अशी होती. उन्हाळ्यात खांद्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाला होता की या बंदुकीच्या जुन्या काडतुसाचा एक धक्का बसला तरी आतलं शिवलेलं उसवेल. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीचा मोसम सुरू होणार. नवी बंदूक का घेत नाही असं मी विचारलं, तर त्यानं पॅंटचा खिसा उलटा करून दाखवला. मग त्यानं दोन काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली. दोन्हींचं बूड सारखं, उंची सारखी, फक्त नव्याचा गळा बारीक आणि गोळी हलकी. धक्का कमी. बूड तेच असल्यामुळे काडतुसामागे सरकवून बंद करायचा बोल्ट, काडतुसांचा खण, लाकडी दस्ता, काही बदलायला नको. नळी तेवढी बदलायची. तीही या बंदुकीची एका लॉकनटवर, म्हणजे आवळून धरणाऱ्या नटावर अडकवलेली, म्हणजे लेथची गरज नाही. कुठल्याशा कॅटलॉगमधून त्यानं पडेल भावात नळी मागवली होती. मी ऐकून मान हलवली. हा माणूस आमच्या उद्यमनगरात चालला असता.

"आणि नाहीच जमलं तर?" मी विचारलं. म्हणजे फक्त "नो गन?" एवढंच म्हटलं.

तो पाना खाली ठेवून म्हणाला, "माझ्या भावानं असंच एक वर्ष सोडलं, मिस शालन. पुढच्या वर्षी जाऊ म्हणाला. मग खुर्चीतून उठलाच नाही." आणि स्वतःच्या घरातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ते त्यानं एकदाच सांगितलं, परत नाही.

जुना लॉकनट तीस वर्षांचा, गंजून चिकटलेला. लाकडाच्या दोन गुटक्यांत नळी धरली तरी पाना ओढला की नळीच फिरायची. मी घरी गेले आणि रांगोळीचा डबा घेऊन आले. नळी घसरू नये म्हणून गुटक्यांच्या खाचेत रांगोळी पसरली, वाइस आवळली, नटाला चार दिवस तेल पाजलं, रोज हातोडीनं कडेकडेनं टकटक केलं. पाचव्या दिवशी पान्याला लांब पाइप घालून मी पूर्ण अंग टाकलं. नट कट्ट करून सुटला आणि मी बेंचवर आपटले. अर्ल हसून हसून खोकायला लागला. "माझ्या बायकोनं हे पाहिलं असतं तर तुम्हाला पाना ठेवून घ्यायला सांगितलं असतं आणि मला पाठवलं असतं भांडी घासायला."

मीनलला दिवाळीची तयारी आधीपासून लागते. त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "आई, रांगोळीचा डबा कुठे गेला हो? इथे पटेलांच्या दुकानात ती नीट मिळत नाही." मी खरं सांगितलं. तिनं चमचा ओट्यावर ठेवला आणि सुहासला हाक मारली.

सुहास म्हणाला, "आई, गन आहे ती. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यापासून इथे आपल्यासारख्यांकडे लोक कसे बघतात माहितेय ना तुला? एखाद्यानं पोलिसांना कॉल केला तर काय एक्सप्लेन करणार तू?"

"नट काढत होते म्हणून सांगेन."

"जोक नको. उद्यापासून जायचं नाही. प्लीज."

"बरं," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी ते दोघे ऑफिसला गेल्यावर गेले. आयुष्यात नवऱ्याशी खोटं बोलले नाही, मुलाशी बोलले. त्याबद्दल वाईट वाटलं का? नाही. कंटाळा वाटला. साठीला पोरासारखं लपून जावं लागतं, याचा.

नळी आली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्या दुकानात दिवाळीपेक्षा हा सण मोठा. मशिनं पुसायची, लेथला झेंडूची माळ, प्रत्येक हत्याराला हळदकुंकू, आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. लोखंडाला एक दिवस सुट्टी. इथे आल्यापासून मी ही पूजा देव्हाऱ्यासमोर मीनलचा स्क्रूड्रायव्हर ठेवून करत होते. त्या वर्षी मी ताट घेऊन अर्लकडे गेले. निरांजन नेलं नाही, गॅरेजमध्ये पेट्रोल होतं. अर्लनं टोपी काढली, का ते त्यालाच माहीत. मी वाइसला कुंकू लावलं, पाने ओळीनं मांडून त्यांना लावलं, बंदुकीला लावलं. नवी नळी त्यानं लाकडाच्या भोकात उभी करून ठेवली होती, काडतूस बसतं ते तोंड वर. तिला बोट लावलं आणि शेवटी सगळ्यांवर अक्षता टाकल्या. अर्ल म्हणाला, "माझ्या बहिणीला सांगू नका. ती चर्चमध्ये माझ्यासाठी वेगळी प्रार्थना लावेल."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नळी बसवली. हे काम कसं होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गेज म्हणजे पोलादाचं खोटं काडतूस, अगदी मापाचं. ते आत ठेवून बोल्ट बंद करायचा, मग पुढून नळी हातानं फिरवत आणायची. नळीचा आतला खांदा गेजला टेकला की थांबायचं आणि लॉकनट आवळायचा. माप चुकून काडतुसाला मागेपुढे हलायला जागा राहिली तर बार काढताना पितळ फाटतं, आणि आतला जाळ मागे येतो, नेम धरलेल्या डोळ्याकडे. माप तपासायला दुसरं, किंचित लांब गेज लागतं. अर्लनं पैसे वाचवायला एकच घेतलं होतं. दुसऱ्याच्या ऐवजी पहिल्याच्याच बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. मग बोल्ट बंद व्हायला नको. झाला नाही. माप बरोबर. अर्लनं डाव्या हातानं माझ्याशी हात मिळवला.

गेज बाहेर काढलं तेव्हा त्याच्या खांद्यावर एक लालसर डाग होता. मी तो अंगठ्यानं पुसला आणि गेज डबीत ठेवलं. हे मी आज स्वच्छ लिहू शकते. तेव्हा मी तो डाग बघितला आणि त्याचा विचार केला नाही.

शनिवारी सकाळी सुहास-मीनल घरी होते. मीनलनं सत्यनारायणाला कोणाकडे तरी जायचं म्हणून अक्षता करायला सांगितल्या. वाटीत तांदूळ घेतले, कुंकू टाकलं, पाण्याचा थेंब टाकला, बोटांनी चोळायला लागले. बोटं लाल झाली. एक दाणा अंगठ्याला चिकटला तो झटकला तरी पडेना.

खंडेनवमीला नळी वर तोंड करून उभी होती. आत तेलाचा हात होता. आणि बसवण्याआधी मी काडीला चिंधी लावून आत फिरवली नव्हती. नवी आहे, कोरी आहे, पूजा झालेली आहे, म्हणून. गेज नळीच्या खांद्याला टेकलं नव्हतं, तांदळाला टेकलं होतं. आणि तांदूळ काही पोलाद नव्हे. पहिल्या बाराला त्याचं पीठ होणार, आणि काडतुसाला दाण्याएवढी जागा मिळणार.

मी धावत बाहेर गेले. अर्लचा ट्रक नव्हता. मला माहीत होतं कुठे गेला ते. बहिणीच्या शेतावर, नेम जुळवायला. तासाभराचा रस्ता, आणि तो सकाळच्या चहाच्या वेळेलाच गेलेला.

सुहास टेबलाशी सिरियल खात होता. "अर्लला फोन लाव," मी म्हटलं.

"का? काय झालं?"

"लाव आधी."

"आई, तू परत तिकडे गेली होतीस?"

"रोज जात होते. बंदूक मी बसवली. तिची पूजा केली आणि आत तांदूळ राहिला. आता फोन लाव, मग काय बोलायचं ते बोल."

"पूजा? गनची?"

"खंडेनवमी होती."

मीनल म्हणाली, "सुहास, लाव ना यार फोन!"

फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. मी म्हटलं, "कानावर आवाज बंद करायचं घालतो तो. लावत राहा." दुसऱ्यांदाही नाही. सुहासचा चेहरा तोवर बदलला होता. माझ्यावरचा राग अजून होता, पण त्यानं तो बाजूला ठेवला होता. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला.

"हॅलो, अर्ल? सुहास, नेक्स्ट डोअर. माय मदर..." त्यानं माझ्याकडे बघितलं. "नक्की काय सांगू?"

"सांग, बार काढू नको. आत तांदूळ आहे."

सुहासनं ते सांगितलं. मग थोडा वेळ ऐकत राहिला. "येस सर. राइस," म्हणाला. "नो सर. नॉट कुक्ड."

मीनलला हसू फुटलं आणि लगेच ती रडायला लागली. सुहासनं फोन ठेवला. "लोड केली होती म्हणतो. फोन थरथरला म्हणून खिशात हात घातला."

अर्ल दुपारी आला. ट्रक लावला आणि घरात गेला, गॅरेजचं दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी खिडकीशी बसून होते. सुहास एकदाच म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर कुणाला कळलंही नसतं, आई." मी म्हटलं, "त्याला कळलं असतं." मोसमाला तीन आठवडे उरले होते. एका हातानं नट सुटत नाही हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी स्वतःहून जाणार नव्हते. कोणत्या तोंडानं जाणार?

पाचव्या दिवशी दार वाजलं. अर्ल होता, हात अजून गळ्यात. "मिस शालन, मला दोन हात पाहिजेत," म्हणाला. सुहास त्या दिवशी घरून काम करत होता. तो दारात आला, आम्हा दोघांकडे बघितलं आणि म्हणाला, "मी पण येतो." बघायला आला, लक्ष ठेवायला आला, त्याचं त्याला माहीत.

नट सोडला, नळी काढली. अर्लनं बॅटरी मारली. दाणा तिथेच होता, आतल्या खांद्याला चिकटलेला, दबून चपटा, एका बाजूनं लाल. अर्लनं तो टाचणीनं काढून सुहासच्या तळहातावर ठेवला. सुहासनं तो नखानं उलटून बघितला. अर्ल मला ओरडला नाही. त्यानं काडी घेतली, डाव्या हातानं आणि दातांनी तिला चिंधी गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली. बस. वडिलांची फूटपट्टी बरी होती.

मी पुसलं. पुन्हा पुसलं. नवी चिंधी लावून पुन्हा. मग गेज, मग नळी, मग नट. चिकटपट्टी लावून बोल्ट बंद होतो का ते सुहासला बघायला लावलं. झाला नाही. शेवटी नव्या काडतुसाचं नाव नळीवर ठोकायचं होतं, म्हणजे उद्या कोणी जुनं घालायला जाणार नाही. अर्ल अक्षराचा पंच धरायचा आणि मी हातोडी मारायचे. शेवटचा आकडा थोडा तिरका बसला. माझा हात थकला होता.

नोव्हेंबरात तो गेला आणि तिसऱ्या दिवशी एक हरीण आणलं. खांदा शाबूत होता. एक मांडी आम्हाला दिली. चिवट मटण, कुकरला सात शिट्ट्या लागल्या. कोल्हापूरचा कांदालसूण मसाला घातला तेव्हा भोंगा किंचाळला आणि सुहासनं उठून झाडूच्या दांड्यानं बंद केला. मीनलनं नुसता रस्सा घेतला. सुहासनं दोनदा वाढून घेतलं. मला विचाराल तर बोकडाची सर नाही.

अर्ल आणखी दोन मोसम गेला, मग नाही. खुर्चीत बसला तसा लवकरच संपला. त्याआधी गेजची डबी त्यानं मला देऊन टाकली, म्हणाला, "या जन्मात मी आता नळी बदलत नाही." सुहासची मुलगी त्या डबीला आज्जीचं बुलेट म्हणते. बुलेट नाही म्हणून मी तिला दहादा सांगितलंय.

आता माझाच हात कापतो. तरी खंडेनवमीला ते गेज देव्हाऱ्यासमोर ठेवते. हळदकुंकवाचं एक बोट लावते. अक्षता टाकत नाही. हात जोडते, आणि पदराच्या टोकानं लगेच ते पुसून घेते.